तुमचा राग तिच्या वाट्याला

बाबा, तुमच्या शिडाच्या बोटीच्या तारा काल बदलल्या. डोलकाठीला पुढून आणि दोन्ही अंगांनी ताणून धरणाऱ्या त्या तीन तारा. शीड वारा धरतं, पण शिडाला उभं ठेवतात त्या ताराच, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. मला नव्हे, तिला. मला ते काल तिच्याकडून कळलं.

ती म्हणजे हुसेनसागरावर दर रविवारी तुम्ही जिला बोट चालवायला शिकवायचात ती तेलुगू मुलगी. आता तिचे केस पांढरे झालेत आणि तिथल्या बोटींच्या क्लबात पोरांना तीच शिकवते. तुम्ही गेल्यापासून बोट क्लबातच होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "सर की बोट है मॅडम, तारां खराब हो गए. नये डाल रई मैं. आप आते क्या?" नारायणगुड्याहून रिक्षा करून मी गेले. तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. तुमच्या वस्तूला ती माझ्याशिवाय हात लावणार, हे सहन होईना म्हणून.

तिनं जुन्या तारेवरून सुती फडकं फिरवलं. खालच्या टोकाशी ते अडकलं, तिथला एक बारीक पेड तुटला होता. "सर ऐसाइच देखते थे," ती म्हणाली. तार सोडण्याआधी डोलकाठी कलू नये म्हणून तिनं त्या तारेच्या जागी दोर ताणून बांधला. एक डोळा बारीक करून वर पाहायची तिची पद्धत थेट तुमची. माझ्यात ती नाही. मी आरशात शोधलीय.

सिकंदराबादच्या रेल्वे वर्कशॉपात तुम्ही आठवडाभर राबायचात आणि रविवारी मला बरोबर घेऊन तलावावर यायचात. मी काठावरच्या बाकावर बसलेय, हातात मिरची भज्यांचा कागद. "तार बोचते गं, तू लांबच बस," तुम्ही सांगताय. आणि तिकडे माझ्याच वयाची एक मुलगी, चिंब भिजलेली, तुमच्या शेजारी वाकून तार ओढतेय. तिच्या तळहातावर तो व्रण अजून आहे. मला तुम्ही सुलतान बाजारातून फ्रॉक आणलेत, मॅट्रिकला घड्याळ घेतलंत. गणितात नापास झाले तर "असू दे" म्हणालात. तुझे वडील देवमाणूस, असं मैत्रिणी म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे.

काल चहा घेताना मी तिला सहज विचारलं, "सर कभी गुस्सा होते थे?" ती खदखदून हसली. "बाप रे! मेरेकु मराठी नै आती, पन एक लाईन आती." आणि मग बाबा, तिनं चक्क तुमच्या आवाजात म्हटलं, "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" तिच्याकडून एकदा तार अडकवायची एक पिन सैल राहिली होती आणि शीड फाटलं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलंत, ती रडली, तरी ऊन उतरेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावलंत आणि स्वतः तिच्याजवळून हलला नाहीत. ती हे सांगत होती एखाद्या बक्षिसासारखं. मी आतून जळत होते. भाषा माझी, बाप माझा, आणि हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, तेही दुसरीच्या तोंडून. तो शेवटचा "गं" तर मला असा कधी मिळालाच नाही. माझ्याकडून तुमची काहीच अपेक्षा नव्हती का हो?

उठताना ती म्हणाली, "बाजू के दोनों तारां आप लगाओ." तार खालच्या कडीत अडकवून मी पिन घातली. उलटी घातली; तिची टोकं शिडाला फाडतील अशी बाहेर आली. "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" ती कडाडली आणि लगेच जीभ चावली. "सॉरी अक्का, मुंह से निकल गया."

"सॉरी नक्को," मी म्हणाले. "फिरसे बताओ." ती शेजारी उभी राहिली. मी पिन काढली, सुलट घातली, टोकं आतल्या बाजूला वळवली. बोटाला तार बोचली, थोडं रक्त आलं. तिनं पाहिलं, पण थांब म्हणाली नाही. मग दुसऱ्या बाजूची तार. तिचीही पिन उलटी गेली, पुन्हा तेच वाक्य ऐकलं आणि मी ती सुलट केली. सगळा ताण सारखा झाल्यावर डोलकाठी सरळ उभी राहिली.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. पहिली पिन मी चुकून उलटी घातली. दुसरी मुद्दाम.