खालापूरच्या बाजारातली बाई

आये, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी पुढे काय काम करते ते तुला कळलंच नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मी शिंपले तपासते. समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड कधीच पोचत नाही, तिथे भेगांतून वायू झिरपतो आणि त्याच्या आधारावर हे शिंपले जगतात. एकमेकींपासून फार लांबच्या दोन भेगांवरचे शिंपले एकाच कुळातले आहेत का, हे मी पाहते. मांसाचा रस पांढऱ्या जेलीत ठेवून वीज सोडायची, मग रंग ओतायचा. सावकाश निळ्या रेघा उमटतात. मागच्या वर्षी दोन्हीकडच्या रेघा तंतोतंत जुळल्या. साहेब म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा केलं. पुन्हा त्याच रेघा. मधल्या काळोखातून कोवळी पिल्लं वाहत जातात हे मला ठाऊक होतं, तरी खालापूरचा बाजार आठवला.

मी लहान आहे. तू सुकटीचे वाटे लावतेस आणि समोर एक बाई येऊन उभी राहते. तुझंच कपाळ, तुझेच पुढे आलेले दात, करंगळीसुद्धा तशीच वाकडी. “कुठल्या गं तुमी?” तू विचारतेस. “घाटावरची. इकडं आमचं कुनी नाय.” तू तिचा हात धरतेस, ती घाबरून सोडवून घेते आणि गर्दीत शिरते. घरी येताना तू एवढंच बोललीस, “माज्यासंगं आनखी एक पोर झाली व्हती. आये सांगायची, मेली म्हनून.” त्यानंतर दर बाजाराला तू गिऱ्हाइकांकडे कमी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तोंडांकडे जास्त बघायचीस. ती परत दिसली नाही. मग तापात तू गेलीस.

या सुट्टीत मी खालापूरला गेले. बांगडीवाल्या म्हातारीनं मला ओळखलं. “तुजी आये आताशा दर बाजाराला येते गं,” ती म्हणाली. “बोलत नाय फार. आत्ताच हिरव्या भरून गेली, ती बघ.” तू नाहीस हे तिला न सांगताच मी वळले. रस्त्याच्या कडेला ती पाठमोरी चालली होती. तुझे केस पांढरे व्हायचे राहिले, तिचे झालेत. मी धावले. मावशी म्हणायचं मनात होतं, पण हाक आली ती “आये!” अशी. ती थांबली, वळली, आणि सवयीच्या आवाजात म्हणाली, “काय गं?”

हे पत्र टाकायला कुठे जागा नाही, म्हणून लिहिते. त्या घटकेला मला तुझी आठवण आली नाही.