येरमाळ्याची नक्कल

आण्णा, तुमची फाईल सापडली. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर त्याआधी दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतं.

भूकंपात सास्तूरचं आपलं घर पडलं, तेव्हा सगळे कागद एकाच पेटीत होते आणि पेटी भिंतीखाली गेली. आजोबांचा फोटो तेवढा वाचला, कारण तो येरमाळ्याला आत्याकडे होता. त्यानंतर तुम्ही एका जागेवर ठेवलेल्या कशावरच विश्वास ठेवला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका बोटानं टाइप करत तुम्ही जुनं गाव गल्लीगल्लीनं संगणकात लिहिलं: कुणाचं घर कुठं होतं, दार कुठल्या दिशेला, घरात माणसं कोण कोण. नक्कल काढायचं काम माझ्याकडे. मी बॅकअप म्हणायची, तुम्ही तहसीलात म्हणतात तसं नक्कल. एक पेनड्राइव्ह घरात आणि एक परगावी, असा तुमचा नियम होता. शनिवारी दुपारी मी शाळेच्या ऑफिसातून यायची, चप्पल काढायच्या आत तुम्ही विचारायचा, "नक्कल काढली का?"

"व्हय आण्णा, काढली."

"दाखव बरं."

एकदा मी चिडले. "पोटच्या लेकीवर विश्वास न्हाय का?"

"लेकीवर हाय. मशिनीवर न्हाय. घरावर बी लई विश्वास होता माझा."

मी पेनड्राइव्ह पुढे धरायची. तुम्ही तो उलटसुलट करून बघायचा आणि परत द्यायचा. मला वाटायचं, यांना आतलं काय कळतंय.

तुम्ही गेल्यावर पाच महिन्यांनी संगणक सुरू होईना. आपल्या धाकट्यानं तो उमरग्याला दुरुस्तीला नेला आणि तो रिकामा होऊन परत आला. माझा संशय पहिल्यांदा दुकानदारावर गेला, मग धाकट्यावर, आणि तिथंच राहिला. त्याला ती फाईल कधी आवडलीच नव्हती. "आण्णा, त्या पडलेल्या घरात अजून किती दिस राहणार?" असं तो तुम्हाला तोंडावर म्हणायचा. मी त्याच्या बायकोसमोर म्हणाले, "तूच पुसायला लावलीस." तो म्हणाला, "मी कशाला पुसू, ताई? आन् पुसली जरी, तरी तुझ्याकडं नक्कल आसंलच की. दर शनवारी काढायचीस न्हवं?"

पेनड्राइव्ह खराब झाला, असं मी त्याला सांगितलं. आण्णा, तो खराब झाला नव्हता. त्यात पहिल्या दोन गल्ल्या होत्या. पुढच्या अकरा मी कधी घातल्याच नव्हत्या. परगावी ठेवायचा दुसरा तर मी कधी भरलाच नव्हता. झालं म्हटलं की तुमचं समाधान होतं, मग कशाला, असं वाटायचं. त्या दिवसापासून धाकटा आपल्या घराची पायरी चढला नाही.

चैत्रात येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला गेले, तेव्हा आत्याकडे उतरले. बोलता बोलता फाईलचा विषय निघाला. आत्या उठली, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि पानाचा डबा वर काढला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह. "तुजा बाप दर खेपंला जुना न्यायचा, नवा ठिवायचा. म्हणायचा, पोरगी इसरती, पर तिला बोलू नगंस." तेराही गल्ल्या त्यात आहेत. तुम्हाला कॉपी करता येत होतं, हे मला माहीतच नव्हतं.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. तरी दर शनिवारी विचारत होता, आणि मी तोंड वर करून हो म्हणत होते. तुम्ही मला सांभाळून घेत होता की कधी खरं बोलेन याची वाट बघत होता, हे मला अजून ठरवता येत नाही. सांभाळून घेत होता, असं मानावंसं वाटतं. पण तुमचाच स्वभाव माझ्यात उतरलाय, खात्री केल्याशिवाय मन मानत नाही.

आता मी खरोखर नकला काढते. एक घरात, एक आत्याकडे, एक धाकट्याकडे. पहिली द्यायला गेले तेव्हा तो दारातच उभा राहिला. "म्हंजी म्या पुसली न्हवती, येवढं तरी म्हण."

"मशीनच बिघडली होती," मी म्हणाले. त्याला हवं होतं ते हे नव्हतं. त्यानं पेनड्राइव्ह घेतला आणि आत गेला.

हे पत्र त्याच संगणकावर लिहिलंय. आज शनिवार. बाकी सगळ्याच्या नकला झाल्या. या पत्राची काढलेली नाही, कारण एक नक्कल धाकट्याच्या घरी जाते.