पाण्यासारखं इन्सुलिन

४ एप्रिल, पळसदेव
सुप्याहून दोन एसट्या बदलून आले आणि उतरताच जीव खूश झाला. घरामागे उजनीचं पाणी, पुढे ऊस, मला स्वतंत्र खोली. एवढं पाणी आमच्या सुप्यात असतं तर लोकांनी पेढे वाटले असते! काम सोपं आहे, दत्तोबाआबांना सांभाळायचं. साखरेनं त्यांची नजर नेली आहे, सुई भरता येत नाही. मुलगा रणजितदादा आणि सून राजेश्वरीताई दिवसभर लांबच्या डाळिंबाच्या बागेत असतात.

चहात साखर नव्हती. ताई म्हणाल्या, घरात गोड ठेवतच नाही, आबा चोरून खातात. मी कपाळाला हात लावला. इन्सुलिन जास्त झालं तर साखरच माणसाला वाचवते. माझ्या पिशवीतला गुळाचा खडा फडताळात ठेवला.

५ एप्रिल
फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. एक पाण्यासारखी नितळ. ती जेवणाआधी द्यायची, लगेच कामाला लागते, आणि वर जेवण मिळालं नाही तर माणूस आडवा होतो. दुसरी दुधाळ, सावकाश चालणारी. तिचा साका तळाशी बसतो, म्हणून तळहातांत घोळवून घ्यावी लागते.

मी घोळवत होते तेव्हा आबा हसले. म्हणाले, "प्रयागी अशीच घोळवायची. तिचा चुडा वाजला की समजायचं, सुई आली."

प्रयागबाई म्हणजे त्यांची बायको. आबांना कायम तिनंच सुया दिल्या. मागच्या उन्हाळ्यात घरामागच्या पाण्यात बुडून गेली. हिरव्या चुड्यानिशी गेली, असं आबा कौतुकानं सांगतात.

९ एप्रिल
संध्याकाळी स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. ताई आल्या समजून गेले. कोणी नव्हतं. दुधाळ बाटली ओट्यावर होती, हातात धरून ठेवल्यासारखी कोमट.

मी सुई भरून आबांकडे गेले, तर ते म्हणाले, आत्ताच दिली की तिनं. बांगड्या आठवल्या म्हणून पोट पाहिलं, तर सुईचा ताजा ठिपका होता. मी माझी सुई दिली नाही. तरी त्यांची साखर उतरलीच. अर्धा गूळ खायला घातला. आवाज ऐकला नसता तर आज दुहेरी डोस गेला असता.

ताईंना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या सासूची आठवण काढत, खाली बघत म्हणाल्या, "आत्याबाई कायम म्हनायच्या, मी गेले तर ह्यास्नी मागं ठेवनार न्हाय."

१५ एप्रिल
इंदापूरच्या डॉक्टरांकडून दुधाळ बाटली बंद करून घेतली. त्याऐवजी चोवीस तास पुरणाऱ्या इन्सुलिनचं पेन आलं. तेही नितळ, दिवसातून एकदाच, घोळवायला नको. फ्रिजला कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात. भूत झालं तरी घोळवणार काय? पाच-सहा दिवसांत बांगड्या वाजलेल्या नाहीत. स्वतःवरच खूश आहे मी.

समोरचा ऊस तोडून नेला. नुसत्या खोडक्या उरल्यात.

१९ एप्रिल, सकाळ
कुलूप तसंच. किल्ली गळ्यात. नितळ बाटली निम्म्याच्या खाली गेली आहे. एवढी मी दिलेली नाही. मला भीती वाटते आहे. दादांना साखर आणायला सांगितली. संध्याकाळी आणतो म्हणाले.

दुपार
आबा घामानं भिजलेत. पोटावर नवा ठिपका. उरलेला गूळ त्यांच्या गालात ठेवला. दादांना फोन केला, निघालो म्हणाले —

आबा बोलू लागले. विचारतात, आज बांगड्या कशा वाजल्या न्हाईत?

नितळ आहे ना ती. घोळवावी लागत नाही. मग आवाज कुठून —

मीच दुधाळ बंद केली. मीच.

लिहिताना हात थरथरतोय. वाटलं भीतीनं. पण हा घाम, ओठांना मुंग्या — हे मी पेशंटमध्ये कितीदा पाहिलंय —

आबा चाचपडत माझा हात धरतात. "तुला बी दिली व्हय गं, पोरी?"

कुर्ता वर केला. बेंबीशेजारी ठिप —

दादांची गाडी अजून —

गूळ आबांच्या गालात आहे. विरघळला नाही अजून. मला देऊ करतात. तोंड उघडून बसलेत —
घेतला तर ती त्यांना नेईल. नाही घेतला तर