अनगोळच्या बाजूचा सतरा नंबर

बेळगाव,
ता. २३ नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप शरदअण्णांच्या चरणी गोपाळचे साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत (माझी कंबर सोडून, ती का धरली ते पुढे येईलच). तुमच्या शिंका कशा आहेत? तंबाखूचा हंगाम लागला की तुम्ही वखारीत पाऊल टाकताच चाळीस शिंका देता आणि मग कामाला लागता, असे वहिनींनी लिहिले होते. तेव्हा उन्हाळ्यापुरते तरी बेळगावच्या हवेत एक घर असावे, हा तुमचा विचार मला पटतो. (निपाणीत दोन घरे आहेतच. तिसरे झाले की शिंकायला जागा कमी पडणार नाही. लहान भावाची थट्टा म्हणून सोडून द्यावी.) अनगोळच्या रस्त्याला सोसायटीने पाडलेल्या प्लॉटांपैकी सतरा नंबर महिनाअखेरपर्यंत तुमच्या नावे राखून आहे, आणि तोवर तुमचा होकार आला नाही तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. म्हणून तुम्ही मला लिहिलेत की, ‘तू मास्तर माणूस, जागा नीट तपास आणि काही न लपवता कळव.’ त्याप्रमाणे परवाच्या रविवारी मी आणि सौ. जया जागेवर गेलो होतो. काही लपवत नाही.

सोसायटीचा ओव्हरसीयर आण्णाप्पा नकाशा घेऊन आधीच येऊन थांबला होता. ‘बर्री मास्तर, या या’ म्हणून त्याने हात हलवला आणि नकाशा पसरला. नकाशा सुरेख आहे. चाळीस फुटी रस्ते, मधे बाग, कोपऱ्यावर शाळा, आणि प्रत्येक घरापुढे शाईने काढलेले एक झाड. मी मान वर करून पाहिले तर चहूकडे भात कापून झालेले रान. आण्णाप्पा म्हणाला, आपण चौथ्या क्रॉस रोडवर उभे आहोत. त्याच रोडवर एक म्हैसही बसली होती, तिला हे कोणी सांगितलेले दिसले नाही. मग त्याने नियम वाचले. पुढे पंधरा फूट मोकळे सोडायचे, मागे दहा, दोन्ही बाजूंना पाच-पाच. संडास मागच्या कोपऱ्यात आणि विहीर त्याच्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी. मी पावलांनी मोजत, एकेक नियम पाळत आत आत सरकत गेलो आणि शेवटी मधोमध एकटा उरलो. आण्णाप्पा म्हणाला, ‘इथं घर.’ कुंपणाची भिंत चार फुटांहून उंच चालणार नाही, म्हणजे शेजाऱ्याशी बोलणे सक्तीचे. गोठा, दुकान, वखार यांना मनाई. (तंबाखूचे एक पोतेदेखील ठेवता येणार नाही. हे तुमच्यासाठी मुद्दाम विचारून घेतले.)

एवढ्यात या रानाचा जुना मालक भरमू बांधावरून उठून आला. रान सोसायटीला देऊन वर्ष झाले तरी त्याचा त्यातला जीव काही सुटलेला नाही. तो कौतुकाने म्हणाला, ‘मास्तर, ह्याच्यासारखं रान सगळ्या अनगोळात न्हाय बघा. मिरगापासनं दिवाळीपतोर गुडघाभर पाणी. जरा म्हणून हलत न्हाय. लई गुणाचं.’ आण्णाप्पाला खोकला आला. मी विचारले, ‘आणि घराला कसं काय?’ भरमूने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘ते मला काय ठावं? आमी घर माळावर बांधलंय.’

आता तुमची परीक्षा. हातभर खड्डा खणायचा, निघालेली माती परत त्यात भरायची, उरली तर जागा लाभाची आणि कमी पडली तर सोडून द्यायची, असे तुम्ही लिहिले होते. आधी नारळ फोडून लिंबू कापायला विसरू नका, असे वहिनींनी समासात लिहिले होते. मी दोघांचीही आज्ञा मानली आणि इथेच घात झाला. प्लेगच्या वर्षी बेळगावची बरीच माणसे याच रानात झोपड्या घालून राहिली होती, आणि त्यांनी पुरलेले दागिने अजून इथेच आहेत, अशी अनगोळात पक्की समजूत आहे. तिथे एक मास्तर कुंकू टाकून, लिंबू कापून खड्डा खणतो आहे हे दिसल्यावर पुढे काय होणार? अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसे कुदळी घेऊन हजर. मी परोपरीने सांगितले की मी फक्त माती तपासतो आहे. त्यावर रुक्माबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, ‘माती तपासाय लिंबू कशाला लागतंय वं?’ अण्णा, वीस वर्षे शिकवतो आहे, पण इतका नेमका प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता.

पाहता पाहता सतरा नंबरात अकरा खड्डे झाले. (त्यांतले दोन अठरा नंबरात गेले, पण गर्दीला नकाशा कोण दाखवणार?) आण्णाप्पा सोसायटीचे नाव घेऊन ओरडत होता. थोड्या वेळाने पाहतो तर तोही एका खड्ड्यात वाकलेला. माझा खड्डा मागे पडू नये म्हणून मी जोर केला आणि कंबर धरली ती त्या क्षणी. कुदळ कशावर तरी खणकन वाजली. सगळे धावले. खाली तीन दगड निघाले, काजळलेले. भरमू म्हणाला, ‘चुलीचं हाईत. प्लेगातल्या झोपडीचं.’ मग एकेक जण कुदळ खांद्यावर टाकून घरी गेला. अकरा खड्ड्यांची माती एकत्र झाल्यामुळे आमचा खड्डा भरून ढिगारा उरला. तुमच्या परीक्षेप्रमाणे जागा अत्यंत लाभाची ठरते, पण असला पुरावा कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

एकूण सांगायचे तर पावसाळ्यात पाणी, बाराही महिने नियम, आणि कुदळवाले पुन्हा कधी येतील याचा भरवसा नाही. जवळून आगगाडीही जाते. माझे प्रामाणिक मत असे की ही जागा तुम्ही घेऊ नये. वहिनींना नमस्कार. नारळाचा अर्धा भाग प्रसाद म्हणून ठेवला होता, तो त्या म्हशीने खाल्ला.

आपला आज्ञाधारक,
गोपाळ

ता. क. यादीत पुढचे नाव कोणाचे, असे तुम्ही विचाराल. माझे आहे. तुमचा अर्ज मीच भरून दिला होता. हातात टाक होताच, म्हणून खाली माझेही नाव लिहिले. नंबर लागेल असे वाटले नव्हते.

आणखी ता. क. वर लिहिलेले सगळे खरे आहे, एक गोष्ट मात्र राहिली. सगळे गेल्यावर जयाने ते तीन दगड उचलले, पदराने पुसले आणि थोडे बाजूला नेऊन मांडले. म्हणाली, ‘चूल इथं. म्हणजे धूर मागं जाईल.’ मी भरमूच्या पाण्याची आठवण दिली, तर म्हणाली, ‘जोतं तीन हात उंच घेऊ.’ अठरा वर्षांत आमची सात बिऱ्हाडे झाली. प्रत्येक ठिकाणी चूल आधीच कोणीतरी मांडलेली होती. तुला कुठे हवी, असे मी तिला एकदाही विचारले नाही, आणि तिथे उभा असताना मला त्याचे फार वाईट वाटले.

शेवटचे ता. क. हक्क तुमचा पहिला आहे. तुम्ही जागा घेतलीत तर गवंडी मीच पाहून देईन आणि मनात काही धरणार नाही. विनंती एवढीच की, घेणार नसाल तर उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवावे, कारण घरचे टपाल आधी ती फोडते. घेणार असाल तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.