दिवेलागणीनंतरचं दही

शनिवार, जयपूर

दुग्धव्यवसायाच्या परिषदेला पोलादपूरहून घरच्या म्हशीचं दही घेऊन आलेय. संध्याकाळी शेजारच्या स्टॉलवरच्या राजस्थानी आजींनी विरजणाला चमचाभर मागितलं आणि माझ्या तोंडून पटकन ‘नाही’ निघालं. हॉलच्या दाराबाहेर अंधार पडला होता ना! दिवेलागणीनंतर विरजण देतं का कुणी? पण चमचाभरच तर होतं... आजी आपल्या स्टॉलवर परतल्या. कशात जीव लागेना.

सासूबाईंना फोन केला. “बरं केलंस गो. पन तिला कारन सांगितलंस का नाय?”

नव्हतं सांगितलं. गेले त्यांच्या स्टॉलवर. ऐकून आजींनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडेही हीच रीत! म्हणाल्या, “उद्या उजाडल्यावर नेते. काय करू बेटी, इथले दिवे सकाळपासून चालूच आहेत. सांज झाली हे कळायचं कशावरून?”