दोघींची कढई

ताम्हिणी, १९६४

मारियाआई आणि एमिनेआई, तुमच्या पिराजीचा रामराम.

लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर मी सायप्रसला तुमच्या गावी आलो, त्याला वीस वर्सं झाली. मी धनगर, म्हणून शेळ्या दिसल्या की तुमच्याच दारात बसायचो. एकीचं दूध कमी पडायचं, म्हणून तुमी दोघी एकाच कढईत वतायचा. मग ते मुद्दाम नासवून, पुदिना घालून वड्या करायचा. काल मी हितं तसंच केलं. बायको वरडली, "चांगलं दूध नासवलंस! बिरोबा कोपंल!" मग एक वडी खाल्ली अन् दुसरीला हात घातला.

आज मास्तरांनी पेपर वाचला. तुमच्या बेटावर ग्रीक अन् तुर्की एकमेकांवर उठलेत, गावं दोन बाजूंना फुटलीत. मारियाआई ग्रीक अन् एमिनेआई तुर्की, हे तुमची नावं ऐकून मास्तरांनी मला सांगितलं. मला तर तुमी सख्ख्या बहिणी वाटायचा.

पाकिटावर दोघींची नावं लिहिली, तर पोस्टमन कुण्या बाजूला जाईल? एकीचंच लिहायला हात धजत न्हाई. म्हणून पत्र बिरोबापुढं ठेवतोय.

कढई कुणाकडं ऱ्हायली, तेवढं कळवा.

तुमचा लेक,
पिराजी