इंजिन ठोका मारतंय म्हणे

३ नोव्हेंबर, सोमवार. मानवत.
भीमरावनं आज परत तेच काढलं. राणीसावरगावहून सोयाबीन भरून आला आणि नीट खाली उतरायच्या आधीच सुरू. "भाऊ, इंजिन ठोका मारायलंय. चढावर तर लयच." बॉनेट उघडून पाच मिनिटं कान लावून उभा राहिलो. काही नाही. नेहमीसारखी गुरगुरते. जुनं डिझेल इंजिन आहे, सतार थोडीच वाजणार?

चुलतभाऊ आणि ट्रकमध्ये निम्म्याचा भागीदार असला म्हणून रोज तेच ऐकून घ्यायचं का? दसऱ्याला नागपूरहून आल्यापासून त्याच्या डोक्यात गाडी विकून प्रवासी टेम्पो घ्यायचं भरलंय. ठोका तिथून येतोय, इंजिनातून नाही. यापुढं नुसतं भी. लिहीन. रागात पूर्ण नाव लिहवत नाही.

५ नोव्हें., बुध.
आज फेरी माझी. सरकी परभणीला टाकून रिकामा परत. गाडी लोण्यासारखी चालली. ठोका नाही, बिका नाही.

वाटेत एका जीपवाल्यानं पुढं घालून गाडी आडवी लावली आणि आयमाय काढली. म्हणे कधीपासून हॉर्न वाजवतोय. वाजवला असता तर ऐकू नसता आला? हल्ली ज्याला त्याला घाई.

घरी शोभा टीव्हीच्या आवाजावरून कुरकुरली. रिमोट हातातून काढूनच घेतला. मग नुसती चित्रं बघत बसलो. बायको असावी, पण इतक्या नाजूक कानांची नसावी.

९ नोव्हें., रवि.
रविवार फुकट. भी.च्या हट्टापायी इथला फिटर बोलावला. त्यानं डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले, फिल्टर बदलले, डिझेलला नावं ठेवली. गाडी चालू केली. फिटर म्हणे, थोडा कमी झाला. भी. म्हणे, "कशाचा कमी? हाय तसाच हाय." दहा तोंडं, दहा बाता. तेवढ्यात शोभा जेवणाचा डबा घेऊन आली. रस्त्यावरूनच म्हणाली, "अहो, खटखट वाजायलंय की!"

म्हणजे हिलाही फितवलं.

माझं डोकं फिरलं. भी.ला तोंडावर सांगितलं, "गाडी विकायची तर सरळ बोल. इंजिनाच्या नावानं खोटं कशाला बोलतोस?" त्यानं चावी बॉनेटवर ठेवली आणि डब्याला हात न लावता गेला. जाऊ दे. चोराच्या उलट्या बोंबा.

११ नोव्हें., मंगळ.
मोबाइलचा स्पीकर बिघडला, माणसं पुटपुटल्यासारखी येतात. दुकानात दाखवला. पोरगं म्हणालं, काका, चांगला आहे. दुसऱ्या दुकानात, तेच. कामं नकोत लोकांना. भी.चा फोन नाही.

१२ नोव्हें., बुध.
कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरनं रुईच्या गाठींची गुजरातची फेरी दुसऱ्याला दिली. मी भांडायला गेलो, तर म्हणे, "ह्या आवाजाची गाडी मी लांब पाठवत न्हाई. वाटेत बसली तर माल कोन उचलायचा?"

या माणसाचं आणि भी.चं आधीच पटत नाही. तो भी.चं ऐकून खोटं कशाला बोलेल?

आणखी एक. गाडी तापली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. काटाच खराब आहे असं धरून मी काचेवर टिचकी मारत होतो. किती दिवस, कोण जाणे.

१७ नोव्हें., सोम. परभणी.
नीट लिहायला पाहिजे.

रज्जाकभाईंच्या गॅरेजात गाडी नेली. आमच्या वडलांच्या वेळचे मिस्त्री. भी. आला, पण माझ्याशी बोलला नाही. इंजिन चालू ठेवून र.भा. नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करत गेले. ज्याचा नट ढिला, त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. ज्याचं तोडल्यावर ठोका दबला, रोग तिथं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला भी. ओरडला, "हां! दबला!" र.भां.नी माझ्याकडं पाहिलं. मला कणभर फरक कळला नव्हता. तरी मान हलवली. सगळ्यांना कळतंय आणि मालकाला कळत नाही, हे बरं दिसतं का?

र.भा. परत पान्हा घेऊन वाकले. "अब नट कस दिया. आया आवाज?"
मी म्हणालो, "आला की."
भी. माझ्याकडं बघायला लागला. र.भां.नी पान्हा वर करून दाखवला. नट आवळलाच नव्हता. डिझेल तसंच बाहेर गळत होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. र.भा. कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "शरमाना नक्को. मेरे कान तो कबके गए, ठोक-ठोक के. मैं दात से सुनता." पत्र्यात खोचलेली लिंबाची एक गुळगुळीत काठी काढली, पुसली, नट आवळला, काठीचं एक टोक इंजिनाच्या अंगाला लावलं आणि दुसरं माझ्या तोंडात दिलं. "पकडो दात में. कसके."

ठक. ठक. ठक.

दातांतून थेट डोक्यात. आत कुणीतरी उखळात कांडतंय असं. एवढा मोठा आवाज गाडीत होता आणि मी त्यावर बसून परभणी, जिंतूर करत होतो. काठी तोंडात तशीच धरून उभा राहिलो, कारण काढली असती तर भी.शी बोलावं लागलं असतं. त्याला मी खोटारडा म्हणालो होतो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
खालचं चेंबर उतरवलं. ऑइलात चकाकी, बेरिंगची झीज सगळी. चौथ्या पिस्टनच्या रॉडचं बेरिंग घासून लाल पडलंय, क्रँकवर चरे. क्रँक लेथवर ग्राइंडिंगला दिली. र.भा. म्हणे अजून एखादी लांबची फेरी झाली असती तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता.

लेथच्या दारात बाकड्यावर आम्ही दोघंच. "त्या दिवशी खोटं बोलतोस म्हणालो..."
"ऱ्हाऊ द्या भाऊ." मग मोठ्यानं, "इंजिनाचं होईल. पर तुमाला मागचा हॉर्न ऐकू येत न्हाई. मग गाडी कशी चालवता?"

तोंडात आलं होतं की तू मला शिकवू नको, तुला स्टेअरिंग मी धरायला शिकवलं. पण जीपवाला आठवला.

२१ नोव्हें., शुक्र.
शोभाला सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "दोन वर्सं झालं सांगायलेय तुमाला, कान दाखवा म्हनून." मला एकदाही आठवत नाही. यावर भांडायचं तरी कसं?

तिनं परस्पर परभणीच्या कानाच्या डॉक्टरचा नंबर लावला. मंगळवार, २५. लायसनची मुदत पुढच्या महिन्यात संपते, तेव्हा मेडिकल लागतंच. ट्रक सोडला तर मला दुसरं काही येत नाही. गावात मला नावानं कमी आणि 'डायवर' म्हणूनच जास्त ओळखतात. भीती वाटते, सरळ लिहितो.

२४ नोव्हें., सोम. मानवत.
गाडी तयार. सकाळी परभणीत र.भां.नी चालू केली. भी. हसला, गॅरेजातले सगळे माना हलवायला लागले, आवाज गेला म्हणे. मला पूर्वीही अशीच वाटायची, आताही अशीच. काठी दातांत धरून बघितली. खरंच गेला. काठी र.भां.नी मलाच देऊन टाकली.

जिनिंगच्या मॅनेजरला गाडी दाखवली. गुजरातच्या गाठी दिल्या. उद्या पहाटे भरून निघायचं. क्रमानं फेरी माझी. डॉक्टरही उद्याच.

भीमरावनं चावी पुढं केली. मला वाटलं होतं, तो ती देणारच नाही, मग भांडता तरी आलं असतं. म्हणाला, "फेरी तुमची हाय. मी तयार ऱ्हातो, पर मागून घेनार न्हाई. तुमीच ठरवा."

काठी सीटमागं टाकलीय. तिनं इंजिन ऐकू येतं. मागून येणाऱ्याचा हॉर्न कशानं ऐकायचा?

शोभानं डॉक्टरचा कागद आणि प्रवासाची पिशवी, दोन्ही दाराशी ठेवलंय. चावी अजून माझ्या खिशात आहे.